थुंकीपेटी

"अण्णा, पहिली थुंकी तुमच्या शौर्यदादाचीच का नको?"

प्रश्न ऊर्जिता दिवटेच्या तोंडून बाहेर पडला आणि विणकर भवनातली कुजबुज एकदम बंद झाली. खरं तर प्रश्न तिचा नव्हताच. तो पर्णवीच्या डोक्यातून निघाला होता, नाझनीनने त्याला धार लावली होती आणि दोघी मैत्रिणींनी मिळून ऊर्जिताला चावी मारली होती. "विचारून दाखव. नाही विचारलंस तर वर्षभर आमची दप्तरं तू उचलायचीस."

आता वक्तृत्वात जिल्ह्यात पहिली आलेली मुलगी कुणाची दप्तरं उचलेल होय? मागच्या दिवाळीपर्यंत हीच ऊर्जिता वर्गात हजेरी देतानासुद्धा पुटपुटायची. पण एकदा माइक हातात आला, आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो हे कळलं, आणि तेव्हापासून तिला थांबवणं कुणाच्या बापाला जमत नव्हतं. तिच्या बापाला तर नाहीच.

स्टेजवर भगवानअण्णा बसले होते. येवल्याच्या विणकर पंचांचे मुख्य. त्यांच्या एका बाजूला त्यांची लाडकी नात ईश्वरी माइक धरून उभी, दुसऱ्या बाजूला पुण्याहून आलेल्या डॉक्टर फुलसुंदर, आणि मधे टेबलावर पांढरी, मिक्सरएवढी ती पेटी. तिचं खरं नाव 'वर्णदर्शक' होतं. गावाने दोन दिवसांत तिचं बारसं केलं होतं: थुंकीपेटी.

पेटी यायला कारण होतं. आता कुठलाही यंत्रमाग कुठल्याही पैठणीचा फोटो बघून एका दुपारीत तशीच पैठणी काढून देत होता. बुट्टी तीच, मोर तोच, चूक एक नाही. हातमागाला वाचवत होता तो फक्त एक शिक्का: 'मानवी नजर'. माणसाने डोळ्यांनी बघून, रंग निवडून विणलेली साडी. गिऱ्हाईक त्या शिक्क्यासाठी जीव टाकायचं. आणि आता गिऱ्हाइकांनाच प्रश्न पडला होता की ही नजर चांगली आहे कशावरून?

अण्णांनी डोळे बारीक केले. "दिवट्यांची ना गं तू?"

"हो."

"मग मोराचं विचार की काहीतरी. तपकिरी मोराचं!"

सगळा हॉल खो खो हसला. ऊर्जिताचे कान तापले. मागे दाराशी, हातात टेम्पोची चावी घेऊन उभे असलेले तिचे पप्पा खाली बघू लागले.

तपकिरी मोर म्हणजे दिवट्यांच्या कपाळावरचा डाग. ऊर्जिताच्या आजोबांनी, आबांनी, एका पदरावर मोर विणले आणि हिरव्या मानेच्या जागी तपकिरी धागा भरला. भर लग्नात नवरीच्या मावशीने तो पदर उलगडून मांडवाला दाखवला. आबांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही हे त्या दिवशी उघड झालं, आणि पंचांनी नियम केला. ज्याची नजर फसली त्याच्या घरचा मुलगा मागावर बसणार नाही. बाप तसा मुलगा. पप्पा तेव्हा नववीत होते, आबांच्या शेजारी बसून काठ विणायला शिकत होते. माग विकला गेला. विणणाऱ्याचे पाय सोडायचा जमिनीतला खड्डा बुजवून वर फरशी बसवली. आता त्या फरशीवर दिवट्यांचा फ्रीज उभा होता, आणि पप्पा सोसायटीचा टेम्पो चालवून दुसऱ्यांच्या पैठण्या पोचवत होते.

"घ्या की शौर्यचीच," अण्णा मांडीवर थाप मारून म्हणाले. "आमच्या घराण्यात आजवर एकाची नजर फसलेली नाही. ये रे शौर्य! दाखव दिवट्यांना, मोर हिरवा कुणाला दिसतो ते."

शौर्यदादा म्हणजे अण्णांचा नातू आणि ऊर्जिताच्या आत्याचा मुलगा. आडदांड, हसरा, गेल्या वर्षी पदरासाठी राज्याचं बक्षीस मिळवलेला. तो लाजत आला आणि नळीत थुंकला.

"पेटीला तुमचं नाव, गाव, बाकी काही कळत नाही बरं का," डॉक्टर फुलसुंदर म्हणाल्या. "थुंकीत गालाच्या आतल्या पेशी असतात. त्यांतली रंग ओळखणारी जनुकं तेवढी ही वाचते आणि बाकीचं सगळं पुसून टाकते. कायदाच आहे तसा. आणि उत्तर चिन्हात देते. गोल म्हणजे साफ, फुली म्हणजे फरक आहे. लाल-हिरवे दिवे लावले असते तर ज्याला गरज त्यालाच ते वाचता आले नसते."

लोक पुन्हा हसले. चहा आला. चहा संपेपर्यंत पेटीच्या काचेवर चिन्ह उमटलं.

फुली.

"पेटी बिघडली," अण्णा म्हणाले.

डॉक्टरांनी दुसरी नळी घेतली. पुन्हा फुली. शौर्यदादाचं हसू ओठांवर तसंच राहून गेलं, उतरवायचं विसरल्यासारखं.

"अहो, सांगतोय ना बिघडली म्हणून! मी मोराच्या मानेतल्या चार हिरव्या छटा वेगळ्या सांगतो. त्याचा बाप सांगतो. मग पोराला येईल कुठून?"

"त्याच्या बापाकडून येऊच शकत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हे बघा. लाल आणि हिरवा ओळखणारी जनुकं एक्स नावाच्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी बसलेली असतात. मुलीकडे दोन एक्स असतात, एक आईचा, एक वडिलांचा. मुलाकडे एकच एक्स. वडील त्याला वाय देतात, आणि वायवर रंगाचं काही नसतं. घराची चावी समजा. मुलीकडे दोन चाव्या. एक वाकडी निघाली तरी दुसरीने दार उघडतं, तिला सगळं नीट दिसतं. मुलाकडे एकच. ती वाकडी असली की अडलं. आणि ती चावी त्याला मिळते..."

त्या थांबल्या. पण अण्णांनी सोडलं नाही. "कुणाकडून?"

"आईकडून."

खुर्च्या करकरल्या. सगळी तोंडं बायकांच्या बाजूला वळली. तिथे रूपाआत्या बसली होती, पप्पांची मोठी बहीण, अण्णांची सून. कुणी काही म्हणायच्या आत ती उठली, ताठ चालत टेबलापाशी आली, नळी उचलून थुंकली आणि उभी राहिली. तिच्यासाठी चहा आला नाही.

काचेवर गोल उमटला आणि त्याच्या पोटात फुली.

"वाहक," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "यांना स्वतःला काहीच अडचण नाही. त्यांच्या वडिलांकडून आलं असणार."

आणि इथे ऊर्जिताच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती स्टेजवर कधी चढली, ईश्वरीच्या हातातला माइक कधी ओढला, तिचं तिलाच कळलं नाही.

"मॅडम, एक मिनिट! बापाची नजर फसलेली असेल तर त्याच्या मुलाला काय मिळतं?"

"वाय."

"म्हणजे माझ्या आबांचं माझ्या पप्पांना..."

"मिळूच शकत नाही. मुलीला मात्र नक्की मिळतं."

"पप्पा, या इकडे! या म्हणते ना!"

पप्पा आले. चावी खिशात ठेवायचीही त्यांना सुचली नाही. नळी, पेटी, वाट बघणं. गोल. स्वच्छ, नुसता गोल.

"बघा!" ऊर्जिताचा आवाज छताला लागला. "मागावरून मुलगा उठवायचा नियम ना तुमचा? ज्याला बापाकडून हे येणं शक्यच नव्हतं, त्यालाच उठवलंत तुम्ही! आणि इतकी वर्षं त्याला वर तपकिरी मोर म्हणत हसलात. हसा ना आता!"

नाझनीनने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. मागच्या रांगांतून टाळ्या पडल्या. आयुष्यात यापेक्षा भारी काही असेल असं ऊर्जिताला त्या क्षणी वाटलं नाही. आत्याचे यजमान हेमंतमामा उठून बायकोकडे न बघता बाहेर गेले, आणि त्यांच्यामागे चपला हातात घेऊन आत्या गेली, हे तिला दिसलंच नाही. पर्णवीने नंतर सांगितलं.

*

पंचांचा निरोप दुसऱ्याच दिवशी आला. दिवट्यांनी माग लावायला हरकत नाही.

पप्पांनी फ्रीज एकट्याने सरकवला. आई "अहो, कंबर!" म्हणेपर्यंत पहिली फरशी फुटली होती. खाली मुरूम लागला. पप्पा छिन्नीने, मग फावड्याने, मग चक्क हाताने उकरत होते. मधेच थांबून म्हणाले, "इथे आबांच्या टाचेची जागा होती. गुळगुळीत." त्यांच्या तोंडून एवढं लांब वाक्य ऊर्जिताने बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

तेवढ्यात दारात रूपाआत्या आली. हातात एक कापडी पिशवी.

"या ताई," आई म्हणाली. तिच्या आवाजात गूळ नव्हता. आत्याने आजवर या घरात पाऊल टाकलं की आधी खिडकीच्या पडद्यांना नावं ठेवायची, मग आमटीला. आणि तपकिरी मोराच्या घरातून आपण वेळेवर निघालो हेही ती चारचौघांत म्हणून दाखवायची.

"राहायला आलेय," आत्या म्हणाली. "हेमंतच्या दुसऱ्या लग्नाचं बघतायत. शौर्यचा माग झाकलाय. पोर जेवत नाही."

"असं कसं काढतील?" पप्पा खड्ड्यातून म्हणाले.

"तुझ्या लेकीला विचार! जिभेला हाड नाही भवानीच्या. एवढी हौस होती प्रश्न विचारायची, तर मला आधी विचारायचास. मी सांगितलं असतं काय निघेल ते."

ऊर्जिता उसळली. "तुला माहीत होतं?"

"माहीत नसायला काय झालं? पोराच्या धाग्याच्या कांड्या मी भरते. हिरव्याला एक गाठ, तपकिरीला दोन. बोटांनी चाचपतो आणि विणतो. त्याला वाटतं सगळेच तसं करतात." आत्या उंबऱ्यावर टेकली. "आबांनाही मीच भरून द्यायचे. लहान होते तेव्हापासून. माझं लग्न झालं आणि त्याच साली मोर तपकिरी झाला. कुणाच्या डोक्यात आलं का, त्याच साली का ते?"

पप्पांनी हातातली माती हळूच खाली ठेवली.

"तू मला कधी बोलली नाहीस, रूपाताई."

"बोलले असते तर त्यांनी मला तरी नेलं असतं का रे घरात?"

आई आत गेली. ऊर्जिताला वाटलं, रागाने गेली. पण ती पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि आत्याच्या शेजारी, मधे हातभर अंतर सोडून बसली. ते अंतर काही तिने कमी केलं नाही.

*

शाळेत पर्णवीने बाक बदलला होता.

"ए, काय झालं?"

"तू बोलू नकोस माझ्याशी."

"प्रश्न तुझाच होता ना पण!"

"शौर्यदादाची फजिती व्हावी एवढाच होता! पुढचं भाषण कुणी करायला सांगितलं होतं तुला? 'मुलगा उठवायचा नियम ना तुमचा'!" पर्णवीने तिची हुबेहूब नक्कल केली, हनुवटी वर करून. "आज पंचांनी नवा नियम लावलाय. दहावीपासून वरच्या सगळ्या मुली आणि लग्नाच्या सगळ्या पोरी, सोमवारी नळ्या द्यायच्या. ज्या घरच्या मुलीच्या गोलात फुली, त्या घराचा शिक्का बंद, आणि त्या घरची मुलगी कुणी करायची नाही. माझ्या ताईच्या सासरचे म्हणतात, साखरपुडा नळीनंतर. ताई सकाळपासून रडतेय. वाजव आता टाळ्या."

"पण वाहकाला सगळं दिसतं! मॅडम म्हणाल्या..."

"सांग जाऊन अण्णांना."

ऊर्जिताला सांगायचंच होतं. शाळा सुटल्यावर तिने सायकल थेट अण्णांच्या ओट्याला लावली. अण्णा सीताफळ खात बसले होते, बिया एका वाटीत नीट गोळा करत. आतल्या खोलीत शौर्यदादाचा माग चादरीखाली झाकलेला दिसत होता, मेलेल्या माणसासारखा.

"अण्णा, नियम चुकीचा होता हे तुम्हाला पटलं ना?"

"पटलं की."

"मग?"

"मग दुरुस्त केला." त्यांनी एक बी वाटीत टाकली. "आधी मुलगे उठवायचो, ते चुकलं. आता मुली. डॉक्टरबाईंचं शास्त्र आणि तुझा आवाज. आम्ही अडाणी माणसं, शिकवलंत ते शिकलो."

"शास्त्राने कुणाला उठवायला सांगितलेलं नाही! आत्याने इतकी वर्षं तुमच्या घरचे रंग लावले. शौर्यदादाचं बक्षीस अर्धं तिचं आहे!"

"तेच तर. शिक्का काय म्हणतो? विणणाऱ्याची नजर. इथे विणणारा एक आणि नजर दुसऱ्याची. फसवणूक म्हणतात त्याला." अण्णा आता हसत नव्हते. "पोरी, उद्या हे गिऱ्हाइकाला कळलं तर एका घराचा नाही, अख्ख्या गावाचा शिक्का जाईल. मग बसा यंत्रमागाच्या नावाने बोटं मोडत. मला गाव सांभाळायचंय. सून एक गेली तर गेली."

"ती वस्तू आहे का, गेली तर गेली?"

"आवाज खाली! हा हॉल नाही." वाटी त्यांनी बाजूला ठेवली. "तुझ्या बापाने खड्डा उकरलाय म्हणे. उकरू दे. सोमवारी तुझी नळी गोल आली तर त्याच्या साडीला शिक्का. पोटात फुली आली तर पुन्हा टेम्पो. तेव्हा माझ्या ओट्यावर नाचण्यापेक्षा घरी जा आणि आईला विचार, तिच्या माहेरी कुणाची नजर कशी आहे."

तिने आईला विचारलं नाही. विचारायची गरजच पडली नाही. आई जेवताना आपणहून म्हणाली, "माझा दादा शाळेत एक मोजा एक रंगाचा आणि दुसरा दुसऱ्या रंगाचा घालायचा. आम्ही हसायचो. वेंधळा होता म्हणून असेल ना गं?" आणि मग भात कालवत राहिली, एक घासही न खाता.

पप्पांकडून ऊर्जिताला साफ चावी मिळाली होती, हे नक्की. आईकडची कोणती आली, ते सोमवारी पेटी सांगणार होती. पप्पांचा माग एका नळीवर लटकला होता, आणि ती नळी घरोघरी वाटलेल्या नळ्यांसारखीच, ऊर्जिताच्या कंपासपेटीशेजारी उभी होती. सोमवारी सकाळी दात घासायच्या आधी भरायची, झाकण लावायचं, भवनात नेऊन द्यायची.

*

रविवारी दुपारी आई-पप्पा मागाची लाकडं बघायला अंदरसूलला गेले. आत्या ओट्यावर वाटाणे सोलत होती. पर्णवी नाझनीनला घेऊन आली ती भांडायलाच.

"तुमच्यामुळे!" ती थेट आत्यावर घसरली. "तुम्ही गाठी मारत बसलात, गप्प राहिलात, आणि आता माझ्या ताईचं लग्न मोडतंय!"

"मोडू दे," आत्या म्हणाली. "नळी बघून बायको करणारा नवरा काय चाटायचाय?"

"तुमचा तसाच होता ना?"

आत्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. नाझनीन पर्णवीला मागे ओढत होती, ऊर्जिता मधे पडत होती, आणि या गोंधळात फाटकाशी चौथी कुणीतरी येऊन उभी आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

"काकू," ईश्वरी म्हणाली.

अण्णांची लाडकी नात. वर्गात पहिली, वेण्या नेहमी घट्ट. आज वेण्या सुटलेल्या होत्या.

"वेण्या कुणी घातल्या नाहीत तुझ्या?" आत्याने विचारलं.

"आईला तुमच्यासारख्या जमत नाहीत." ईश्वरीच्या हातात तिची नळी होती. "काकू, माझ्या नळीत काही निघालं तर अण्णा मलाही..."

"तुला काय निघणार? तू माझ्या पोटची नाहीस. तुझ्या आईकडचं जे असेल ते."

"पण ते कुणालाच माहीत नाहीये ना! आईलाही नाही. ती परवापासून देवासमोर बसलीये."

तेव्हा ऊर्जिताच्या लक्षात आलं की साऱ्या गावात याच वेळी, घरोघरी, एकेक आई अशीच आपल्या भावांचे मोजे आठवत बसली असणार. प्रत्येक घराला वाटतंय, आपण पकडले जाऊ. आणि म्हणूनच प्रत्येक घर दुसऱ्याकडे बोट दाखवायला तयार बसलंय.

"पेटीला नाव कळत नाही," ती हळूच म्हणाली.

"काय?" नाझनीन म्हणाली.

"डॉक्टर म्हणाल्या ना. नाव नाही, गाव नाही. बाकीचं सगळं पुसून टाकते. नळीत थुंकी कुणाची, हे पेटीला कळतच नाही!" आता आवाज चढायला लागला. "एकाच घरात फुली आली तर ते घर बुडालं. पण सगळ्याच घरांत आली तर?"

नाझनीनला आधी कळलं. तिचे डोळे गोल झाले. "सगळ्या नळ्यांत एकाच माणसाची थुंकी."

"जिच्या गोलात नक्की फुली आहे अशा माणसाची."

चौघींनी आत्याकडे पाहिलं.

"वेड लागलंय तुम्हाला," आत्या म्हणाली. "सगळ्या गावाचा शिक्का जाईल."

"सगळ्यांचाच गेला तर शिक्का मारायला अण्णांकडे उरेल कोण? नियम तरी मोडावा लागेल, नाहीतर माग तरी बंद ठेवावे लागतील. आणि अण्णा माग बंद ठेवणार नाहीत. त्यांनीच सांगितलं मला, गाव सांभाळायचंय त्यांना."

"आणि नाहीच मोडला तर?" पर्णवीने विचारलं. भांडायच्या सुरात नव्हे, खरंच.

ऊर्जिताने दारातून आत पाहिलं. घरात उकरलेल्या मातीचा ढीग होता, त्यावर पप्पांची छिन्नी होती. "तर माझ्या पप्पांचा माग पहिला जाईल," ती म्हणाली. "लागायच्या आधीच."

मग पर्णवीने खिशातून दोन नळ्या काढून वाटाण्यांच्या परातीत ठेवल्या. "एक माझी, एक ताईची. तिनेच दिलीये. म्हणाली, माझ्यात काय निघेल या भीतीत लग्न करण्यापेक्षा निघालेलंच बरं."

ईश्वरीने तिची ठेवली. नाझनीन उठली. "मोमीन गल्लीतल्या सगळ्यांच्या मी आणते. माझी आत्तेबहीण तर नाचत देईल." आणि फाटकातून वळून ओरडली, "आत्या, किती जणींना पुरेल हो तुमची थुंकी?"

रूपाआत्याने पदराने हात पुसले, एक नळी उचलली, झाकण उघडलं.

"आण गं जितक्या आणायच्या तितक्या," ती म्हणाली. "जन्मभर गिळतच आलेय. भरपूर आहे."

*

संध्याकाळी लाकडं आली. पप्पा खड्ड्यात उतरून माप घेत होते. खड्डा आता मांडीएवढा खोल झाला होता आणि त्यात उभे राहिल्यामुळे ते ऊर्जितापेक्षा बुटके दिसत होते, एखाद्या मुलासारखे. तोंडाने काहीतरी गुणगुणत होते. ऊर्जिताला ते गाणं ओळखू आलं नाही, कारण पप्पा गुणगुणतात हेच तिला माहीत नव्हतं.

"उद्या दात घासायच्या आधी नळी भरायची बरं का," आई म्हणाली. "विसरशील."

"भरून झाली."

"आत्ताच? शिळी चालते का थुंकी?"

"आई, ती माझी नाही." ऊर्जिताने ओट्याकडे पाहिलं. आत्या तिथे पाठमोरी बसली होती, मान न वळवता ऐकत. "आत्याची आहे."

पप्पांचं गुणगुणणं थांबलं. आईने भिंतीला हात टेकला.

"अगं, तुझी गोल येईल कदाचित! पप्पांची साफ आहे. माझा दादा नुसता वेंधळा असेल..."

"असेल. नसेलही. मला ते बघायचंच नाहीये, आई. माझी गोल आली तर मी सुटले, आणि पर्णवीची ताई अडकली. मग मी घरात बसून मोर मोजायचे का?"

"आणि बाकीच्या मुली?"

"सगळ्यांच्या नळ्यांत तीच आहे. ईश्वरीच्याही."

पप्पा खड्ड्यातून तिच्याकडे बघत होते. मातीने भरलेले हात काठावर टेकवलेले, अगदी विणायला बसल्यावर टेकवावेत तसे.

"फुली येईल, ऊर्जा," ते म्हणाले. "माग जाईल. अण्णा सोडणार नाही. तो शंभर घरं जाळेल पण हरणार नाही."

"माहीत आहे."

"माहीत असून?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज तिला साथ देईना. माइक नव्हता, टाळ्या नव्हत्या, शिट्टी नव्हती. होता फक्त बापाचा चेहरा, कमरेच्या उंचीवर. ती फरशीच्या फुटक्या काठावर उकिडवी बसली, त्याच्या डोळ्यांना डोळे भिडले तेव्हा बोलली, जुन्या ऊर्जितासारखं पुटपुटत, पण आत्यापर्यंत ऐकू जाईल एवढं.

"मी उद्या नापास व्हायचं ठरवलंय, पप्पा. आम्ही सगळ्याच जणी होणार आहोत. तुम्ही फक्त खड्डा बुजवू नका."